नेरिसाच्या नावावरचं लग्न

१

“हे लग्न लागणार नाही,” न्यायालयाच्या खिडकीमागचा अधिकारी म्हणाला. “बाईंचं लग्न आधीच झालेलं आहे.”

मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. अरबीतलं इंग्रजीत आणायचं काम मी अबू धाबीत एकवीस वर्षं करते आहे, आणि बिगरमुस्लिमांच्या नागरी लग्नाची सोय इथे झाल्यापासून नवरा-नवरी तर रोजच माझ्यासमोरून जातात. पण असं वाक्य मी पहिल्यांदाच तोंडातून काढत होते.

नेरिसा हसली. एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करणारी, एकतीस वर्षांची फिलिपिनो मुलगी. गुडघ्यापर्यंतचा पांढरा पोशाख, केसांत कापडी फूल. शेजारी दांते, तिचा होणारा नवरा, मित्राचा कोट घालून उभा.

“शमीरान मॅडम, तुम्ही नीट ऐकलंत ना?” ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. नेरिसा देल्गादो विलारुझ. पासपोर्टचा क्रमांक तिचाच. फोटो तिचाच. लग्नाची तारीख मागच्या वर्षीची, चौदा जुलै. नवऱ्याचं नाव होविक ताशजियान, आर्मेनियन ख्रिश्चन, मूळ सीरियातल्या हलबचा, धंदा घड्याळदुरुस्ती.

“मी या माणसाला ओळखत नाही,” नेरिसा म्हणाली. आता ती हसत नव्हती.

“आता ओळख होणारही नाही,” अधिकारी खाली वाचत म्हणाला. “तो तीन आठवड्यांपूर्वी वारला. तुम्ही विधवा आहात, बाई. त्याच्या मृत्यूचा दाखला आणा, मग हे लग्न लावता येईल.”

मी भाषांतर करत होते तेव्हा दांतेचा हात नेरिसाच्या हातात होता. माझं बोलणं संपलं तेव्हा तो नव्हता.

२

माझं ऑफिस न्यायालयासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याच दुपारी चार वाजता काळ्या कपड्यांतली एक बाई आली. पन्नाशीची, ताठ. जिना चढून दम लागला होता, तरी बसायला तयार नव्हती.

“खिडकीवरच्या माणसानं मला तुमच्याकडे पाठवलं. म्हणाला, एकाच नोंदीबद्दल आज दोन बायका विचारून गेल्या. पहिली तुमच्याबरोबर होती.”

तिचं नाव आर्पिने. होविकची मोठी बहीण, बैरूतहून आलेली.

“माझ्या भावाला बायको आहे हे मला शवागारात कळलं,” ती म्हणाली. “आठवड्यातून दोनदा फोन करायचा तो मला. काय खाल्लं ते सांगायचा, आणि लग्न केलं ते सांगितलं नाही.”

होविक दुकानात, आपल्या बाकावरच गेला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. आर्पिनेला ते पटत नव्हतं.

“बेचाळीस वर्षांचा माणूस. बाकावर कॉफीचे दोन कप होते. रुग्णवाहिकेला फोन एका बाईनं केला. नाव विचारलं तर ठेवून दिला. शेजारच्या शिंप्यानं एका बाईला घाईघाईनं जाताना पाहिलं. ती कोण होती? मरत्या माणसाला टाकून कोण जातं?”

“पोलीस काय म्हणाले?”

“आजारानं मेला म्हणाले. ठीक आहे, त्यांचं ते बघतील. मला हे वाचून दाखवा.”

तिनं एक कागद पुढे केला. होविकच्या खणात सापडलेला जन्मदाखला. मी वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. जानेवारीच्या पाच तारखेला मुलगी झाली. नाव अनाहित. वडील होविक ताशजियान. आई नेरिसा देल्गादो विलारुझ.

“अनाहित आमच्या आईचं नाव,” आर्पिने म्हणाली, आणि तेव्हा कुठे खुर्चीवर बसली. “हे बाळ कुठे आहे, बाई? भावाच्या घरात पाळणा आहे, दुधाची बाटली आहे, बाळ नाही. बायको नाही. तिचे कपडेसुद्धा नाहीत.”

तिनं दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला.

“रविवारी माझं परतीचं विमान आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत मला बाळ दिसलं नाही, तर मी पोलिसांत लिहून देणार की आईनं बाळाचं काहीतरी केलं. कागदावर आई कोण आहे ते तुम्ही आत्ताच वाचलंत.”

जाताना तिनं पर्समधून एक फोटो काढला. होविकच्या बाकावर काचेखाली ठेवलेला होता म्हणे. त्यात चेहरे नव्हते, फक्त दोन हात. पुरुषाची निमुळती बोटं एका बाईच्या बोटात अंगठी सरकवत होती. अंगठी अजून अर्ध्यावरच होती आणि तिच्या पुढे, बोटाच्या मुळाशी, कातडीचा एक फिकट पट्टा दिसत होता.

मी म्हटलं, “हा फोटो माझ्याकडे राहू दे. आणि बाळाबद्दल सध्या कोणाशी बोलू नका.”

३

पोलिसांकडे आपणच आधी का जाऊ नये, असं नेरिसानं मला दुसऱ्या दिवशी विचारलं. मी सांगितलं की जाता येईल. पण मग आधी ती आरोपी आणि नंतर साक्षीदार. कागदानं एकदा धरलं की माणसाला सुटायला वेळ लागतो. माझं स्वतःचं लग्न इराकमधल्या मोसुलच्या एका चर्चच्या वहीत नोंदलेलं होतं. ती वही जळाली. नवरा त्याआधीच वारला होता. आपण त्याची बायको होतो हे पटवायला मला सहा वर्षं लागली. हिला तर आपण कोणाची बायको नाही हे पटवायचं होतं, आणि ते मला जास्त अवघड वाटत होतं.

नोंदीत तीच बायको असल्यामुळे लग्नाच्या अर्जाची प्रत तिला मागता आली. आम्ही ती माझ्या टेबलावर पसरली.

“एक बाळही आहे,” मी तिला सांगितलं. “कागदावर तुझं. दहा आठवड्यांचं. आणि ते सापडत नाही.”

तिनं अर्जावरच्या तारखेवर बोट ठेवलं. “चौदा जुलैला मी कुठे होते ते मला पक्कं माहीत आहे,” ती म्हणाली. “हॉस्पिटलात. अपेंडिक्स. बाराला नेलं, सोळाला घरी आले.”

“पासपोर्ट?”

“कागदांचं पाकीट बरोबर नेलं होतं, विम्याचं लागतं म्हणून. उशाशी होतं.”

“आणि उशाशी कोण कोण होतं?”

तिनं बोटांवर मोजलं. खोलीतली मैत्रीण जोव्ही, कपडे घेऊन येणारी. दांते, रोज ड्युटी संपल्यावर येणारा. आणि थोरली बहीण मिला, जी अल ऐनला एका घरात मुलं सांभाळते. मालकिणीकडून सुट्टी घेऊन ती चार दिवस बसली होती.

“परकं कोणी नाही?”

“परकं असतं तर बरं झालं असतं, नाही का?” नेरिसा म्हणाली.

मी भिंग काढलं. सही नेरिसाच्या सहीवरून गिरवलेली होती, संथ आणि थरथरती. त्यात काही मिळालं नाही. पण वरच्या रकान्यात, जिथे आधीचं लग्न झालं आहे का असं विचारलेलं असतं, तिथे ‘नाही’च्या खाली आणखी काहीतरी होतं. पेन आधी ‘हो’ लिहायला गेलं होतं. एकच अक्षर लिहून थांबलं आणि मग त्या अक्षरावरून दुसरं गिरवलं होतं.

मी फोटो शेजारी ठेवला. बोटावरचा तो फिकट पट्टा. वर्षानुवर्षं अंगठी घातलेली आणि नुकतीच काढलेली. आता दोन गोष्टी एकच सांगत होत्या. जी बाई नेरिसा म्हणून उभी राहिली, तिचं लग्न आधीच झालेलं होतं. आणि तिला सफाईनं खोटं बोलता येत नव्हतं.

४

दांतेला मी हॉटेलच्या मागच्या दारापाशी गाठलं. तो तिथे स्वयंपाकघरात काम करतो. एप्रनला हात पुसत बाहेर आला.

“मी नेरिसाचे कागद कोणाला दिले असं तुम्हाला वाटतंय,” तो म्हणाला.

“दिलेस का?”

“नाही. पण दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. मला वाटलं, त्यानं माझ्यापासून लपवलं.”

‘त्यानं’ म्हणजे नेरिसानं. फिलिपिनो लोकांच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द आहे. म्हणून इंग्रजी बोलताना त्यांची सारखी गल्लत होते. आम्ही भाषांतर करणारे ती गल्लत मनातल्या मनात दुरुस्त करत जातो.

“बाळ कुठे असेल असं तुला वाटतं?”

“मला काय माहीत, मॅडम. तो जिवंत असू दे म्हणजे झालं. तिला कोणीतरी दूध तरी देत असेल.”

एकाच दमात तो आणि ती. मी दुरुस्त केलं आणि पुढे गेले.

जोव्हीकडे जास्त वेळ लागला. तिला माझं येणंच आवडलं नाही. खोलीत दोन दुमजली पलंग, मधे इस्त्रीची फळी. इस्त्री न थांबवता ती बोलत होती.

“माझ्यावर संशय आहे ना? असणारच. जानेवारीत मी दोन आठवडे दुबईला होते आणि त्याआधी जाडही झाले होते. हिशेब जुळतो तुमचा.”

“का गेली होतीस?”

“नोकरी बघायला. मिळाली नाही. जाडी म्हणाल तर ती भाताची आहे.” तिनं सदरा उलटा केला. “आणखी एक सांगू? मला कोणाशी लग्न करायचं असतं तर मी माझ्या नावानं केलं असतं. मला कोण अडवणार आहे? माझं लग्न झालेलं नाही. इथे दोन पासपोर्ट घेऊन गेलं की झालं.”

यात खोट दिसत नव्हती. इथे मोकळ्या बाईला दुसऱ्या बाईचं नाव घ्यायची गरजच नव्हती.

“बाळाचं काय झालं असेल?”

“मला विचारू नका. तिला टाकून दिलं असेल कोणी. त्याच्या आईला तुरुंगात घाला.”

दारापर्यंत सोडायला ती आली नाही. पण मी बाहेर पडताना म्हणाली, “मॅडम, मिलाताईला यात ओढू नका. ती देवभोळी आहे. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी सेबूला कामाला जातो म्हणून गेला, तो दुसरीबरोबर राहतो. तरी ती त्याच्यासाठी मेणबत्ती लावते.”

जोव्ही तिला वाचवायला निघाली होती. पण नवरा असलेली बाई तिनंच मला दाखवून दिली होती.

५

शुक्रवारी सकाळी मी गाडी काढून अल ऐनला गेले. उम्म सैफचं घर मोठं, पांढरं, मागे खजुरांची बाग. मिलाची मालकीण म्हणजे उम्म सैफ स्वतः बाहेर आली, मला बैठकीत बसवलं, कॉफी ओतली. साठीची बाई, पण चाल तरुण. माझी अरबी मोसुलची आहे हे तिनं दोन वाक्यांत ओळखलं.

“मिलानं काय केलंय?” तिनं विचारलं.

“तिच्या बहिणीच्या कामासाठी आले आहे.”

“हं,” ती म्हणाली आणि उठून गेली.

मिला आली. सदतीस वर्षांची, नेरिसाहून थोडी भरलेली. पण कपाळ, जिवणी, भुवया त्याच. पासपोर्टवरच्या फोटोत पाच वर्षांपूर्वीची नेरिसा आहे, आणि खिडकीपलीकडून बघणाऱ्या कोणालाही फरक कळला नसता. उजव्या हाताच्या बोटात सोन्याची साधी अंगठी होती, बोटात रुतलेली.

मी सगळं सांगितलं. लग्न, होविकचा मृत्यू, हरवलेलं बाळ, आर्पिनेची शनिवारची मुदत. मी फक्त ‘बाळ’ म्हटलं.

“नेरिसाला अटक होईल?” तिनं विचारलं.

“होऊ शकते.”

“पण तिनं काही केलं नाही.”

“कागदावर तीच आई आहे.”

मिला हात मांडीवर ठेवून बसली होती. “त्या बाईला सांगा, बाळाला काही झालेलं नाही. म्हणजे झालं नसणार. तिची काळजी घेणारं कोणीतरी असेल. तिच्या वडिलांचा तिच्यावर जीव असेल तर त्यांनी तशी सोय केली असेल. इतक्या लहान बाळाला तिच्या आईपासून कोण तोडेल?”

मला तिचं बोलणं प्रामाणिक वाटलं. आणि हिवाळ्याबद्दल मी विचारलं तेव्हाही ती गडबडली नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मालकिणीबरोबर मळ्यावर होते, असं तिनं सांगितलं. नेरिसाशी रोज बोलणं व्हायचं, फोनवर, चेहरा बघून.

“तुमच्याकडे किती मुलं?”

“दोन, मालकिणीची नातवंडं. मोठा अकराचा, धाकटी पाच वर्षांची.”

मी निघाले. उम्म सैफ फाटकापाशी उभी होती. माझी गाडी वळेपर्यंत ती तशीच माझ्याकडे बघत राहिली. अंगणात कपडे वाळत होते. चादरी, शाळेचे सदरे, आणि कोपऱ्यात, खजुराच्या सावलीत, चार झबली आणि दुपटी.

६

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाळू आणि मधे एकच पेट्रोल पंप. तिथे मी थांबले, पाण्याची बाटली घेतली आणि गाडीतच बसून राहिले. कानात मिलाचा आवाज होता. माझं काम ऐकण्याचं आहे, त्यामुळे वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात.

दांते ‘तो’ म्हणाला, मग ‘ती’ म्हणाला. जोव्ही ‘ती’ म्हणाली, मग ‘तो’. दोघांनाही बाळ मुलगा की मुलगी ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांचं इंग्रजी इकडेतिकडे घसरत होतं. मिलानं बाळाचा उल्लेख पुन्हा पुन्हा केला. तिची काळजी, तिचे वडील, तिच्यावर जीव, तिची आई. गल्लत करणारा माणूस दोन्हीकडे गल्लत करतो. मिला एकदाही चुकली नव्हती. मी तिला आपणहून दुरुस्त करत बसले होते, आणि त्यात दुरुस्त करायला काहीच नव्हतं.

धाकटं मूल पाच वर्षांचं असलेल्या घरात झबली कोणाची?

बाकीचं आपोआप जुळलं. मोकळ्या बाईला दुसऱ्याचं नाव लागत नाही. नवरा असून नसलेल्या बाईला लागतं, आणि फिलिपिन्सच्या कायद्यात तिला घटस्फोट नाही. ‘हो’ लिहायला गेलेलं पेन तिचं. फोटोतला फिकट पट्टा तिचा. चौदा जुलैला नेरिसा औषधाच्या गुंगीत होती आणि उशाशी बसलेली बहीण दुपारी दोन-तीन तास बाहेर जाऊन आली, तर पाकिटातला पासपोर्ट संध्याकाळच्या आत जागेवर.

मी गाडी वळवली.

फाटक उघडं होतं. उम्म सैफ ओट्यावर बसली होती, एकटी.

“गेली ती,” ती म्हणाली. “तुझी गाडी दिसेनाशी झाली तसं बाळ उचललं. मी ड्रायव्हर दिला.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“ऑक्टोबरात रजेवर गेलेली बाई फेब्रुवारीत पोर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. नवरा मेला म्हणाली. मी काय करू, तिच्याकडे कागद मागू?” तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “तू मागणारी आहेस, ते मला तू कॉफी पितानाच कळलं.”

“कुठे गेली?”

“बहिणीकडे, असं मला म्हणाली. पण रडत नव्हती ती. रडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.”

मी नेरिसाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बंद होता.

७

नेरिसाच्या खोलीचं दार जोव्हीनं उघडलं. तिचा चेहरा उतरला होता. “आत जा,” ती म्हणाली. “मी खाली जाते. मी काही ऐकलेलं नाही.”

मिला खालच्या पलंगावर बसली होती, बाळ मांडीवर झोपलेलं. नेरिसा खिडकीशी पाठ करून उभी. दांते इस्त्रीच्या फळीपाशी. दोघींचं बोलणं आधीच झालं होतं.

“मॅडमना सांग,” नेरिसा न वळता म्हणाली. “मला सांगितलंस तसं सगळं सांग, ताई.”

मिलानं सांगितलं. मालकिणीचं घड्याळ दुरुस्तीला नेताना होविकची ओळख झाली. दोन वर्षं फक्त बोलणं. मग दिवस गेले. होविकला लग्न करायचं होतं, बाळाला नाव द्यायचं होतं. तिनं आपली अडचण सांगितली. बहिणीचं नाव वापरायचं तिनंच सुचवलं. ऑक्टोबरपासून ती त्याच्याकडे राहिली, नेरिसाला फोनवर फक्त चेहरा दाखवला, आणि बाळंतपणही पासपोर्टच्या प्रतीवर नेरिसाच्याच नावानं झालं.

“मला वाटलं, एका कागदापुरतं आहे,” ती म्हणाली. “नेरिसाला कधी कळणार नाही. ती लग्न गावी जाऊन करणार होती. चर्चमध्ये. इथे करायचं तिनं मागच्या महिन्यात ठरवलं.”

“आणि दुकानात?” मी विचारलं. “कॉफीचे दोन कप?”

“बाळ झोळीत होतं. तो बोलता बोलता पुढे झुकला. मला वाटलं, काही बारीक पडलं ते शोधतोय.” तिचा आवाज तसाच सपाट होता. “रुग्णवाहिका मी बोलावली. तिकडून विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण, नाव काय. कोणतं नाव सांगू, ते मला सुचेना. मी फोन ठेवला. गाडी येईपर्यंत समोरच्या जिन्यात उभी राहिले. त्याला घेऊन गेले. मी बरोबर गेले नाही.”

बाळानं झोपेत तोंड हलवलं.

मला तिला एक गोष्ट सांगायची होती आणि ती क्रूर होती. तरी मी सांगितली. “मिला, इथल्या नागरी कायद्यात दोघांपैकी एकानं घटस्फोट मागितला तरी मिळतो. कारण द्यावं लागत नाही. तू अर्ज केला असतास तर पहिल्याच तारखेला सुटली असतीस.”

“जोव्ही म्हणाली होती मला,” ती म्हणाली. “पण तो कागद माझ्या गावात चालत नाही, मॅडम. आणि मला वाटायचं, जे गावात चालत नाही ते देवाकडेही चालत नाही.”

दारावर टकटक झाली. आर्पिने होती. मीच तिला बोलावलं होतं. ती आत आली, कोणाकडे न बघता पलंगापाशी गेली आणि वाकून बाळाकडे बघत राहिली. मग तिनं मिलाकडे पाहिलं.

“फोन तू केला होतास?”

“हो.”

“तो काही बोलला?”

“तुमचं नाव घेतलं होतं, आधी. उद्या आर्पिनेला सगळं सांगून टाकतो, म्हणाला.”

आर्पिने तिच्या शेजारी बसली. पलंग कुरकुरला. तिच्या चेहऱ्यावरचा राग कमी झाला होता असं मी म्हणणार नाही. पण तो कोणावर काढावा हे आता तिला कळत नव्हतं.

मग दांते बोलला. हळू, शब्द जुळवत.

“एक रस्ता आहे. कोणी काही बोलायचंच नाही. कागद म्हणतो नेरिसा विधवा आहे, तर आहे. मृत्यूचा दाखला दिला की आमचं लग्न लागतं. बाळ नेरिसाचं आहे असं कागद म्हणतो, तर ते आमच्या घरात राहील. मिलाताईला तुरुंग नाही. यांना भाची भेटेल. सगळं कागदाप्रमाणे.”

तो जे बोलला त्यात एकही चूक नव्हती. प्रत्येक शिक्का खरा, प्रत्येक सही नोंदलेली. मला शपथ आहे खरं तेच लिहिण्याची, आणि त्या क्षणी मी तोंड उघडलं नाही, हे मला इथे कबूल केलं पाहिजे.

नेरिसा पहिल्यांदा वळली. डोळे सुजले होते. “मला चालेल,” ती बहिणीला म्हणाली. “तू माझ्याशी जे केलंस ते मी विसरणार नाही. पण मला चालेल.”

“मग मी हिची कोण?” मिलानं विचारलं.

“मावशी,” नेरिसा म्हणाली.

मिलानं बाळाचं दुपटं सारखं केलं. दोनदा, तीनदा. मग माझ्याकडे पाहिलं.

“नऊ वर्षं मी अशा माणसाची बायको आहे जो नाही,” ती म्हणाली. “जो होता, त्याची बायको म्हणून मला रुग्णवाहिकेत चढता आलं नाही. आता जिला जन्म दिला तिची मावशी होऊन राहू?” तिनं मान हलवली. “सरकारी वकिलांचं ऑफिस किती वाजता उघडतं, मॅडम?”

८

आठवडी सुट्टी संपली तसे आम्ही गेलो. मिलानं आपलं पूर्ण नाव सांगितलं, मी ते अरबीत सांगितलं, आणि समोरच्या माणसानं लिहून घेतलं. तिला त्याच दिवशी आत ठेवलं. बाळ आर्पिनेच्या हातात दिलं गेलं. तिनं विमान सोडलं, आणि नंतरचे दोन महिने होविकच्या घरात राहिली.

शिक्षा हलकी झाली. नेरिसानं तक्रार केली नाही, उम्म सैफ स्वतः न्यायाधीशासमोर येऊन बोलली, आणि कबुली आपणहून आली होती. एकूण सात आठवडे. रक्ताच्या तपासणीनंतर जन्मदाखल्यावरचं आईचं नाव बदललं. नेरिसाचं ते लग्न रद्द झालं, तशी ती विधवाही राहिली नाही. तिचं आणि दांतेचं लग्न जूनमध्ये लागलं. मी भाषांतर केलं. मिलाला बोलावलं होतं, पण नेरिसा तिच्याशी बोलली नाही. फोटोसाठी मात्र बाळ तिनं कडेवर घेतलं.

जुलैत मिलाच्या घटस्फोटाची तारीख होती. नवरा दूर सेबूला, त्याला नोटीस गेली होती, उत्तर आलं नव्हतं. मिला आदला आठवडाभर कागदावर काहीतरी लिहीत होती. नऊ वर्षांत काय काय झालं ते सगळं. तो कसा गेला, किती पत्रं पाठवली, गावात लोक काय म्हणाले, होविकनं तिला पहिल्यांदा जेवलीस का म्हणून विचारलं तेव्हा ती का रडली. चार पानं, दोन्ही बाजूंनी. मला आधी वाचायला दिली, म्हणजे भाषांतराला अडचण नको.

न्यायाधीशांनी अर्ज पाहिला. तिला विचारलं, घटस्फोट हवा आहे ना.

“हो,” मिला म्हणाली.

“ठीक आहे. मंजूर.”

ती पानं हातात धरून उभीच राहिली. “आणि कारण?” तिनं मला हळूच विचारलं. “कारण कधी विचारतील?”

“नाही विचारत,” मी म्हटलं.

न्यायाधीशांनी मान वर केली. “बाई काय म्हणतात?”

मी मिलाकडे पाहिलं. मग एकवीस वर्षांत पहिल्यांदा, कोणी न सांगता, त्या पानांतलं पहिलं वाक्य मी अरबीत म्हटलं. न्यायाधीशांनी मला थांबवलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. मी पुढचं वाक्य घेतलं.